‘रन’ या क्रियापदाचा पसारा

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द म्हणून आज ‘रन’ या क्रियापदाचे नाव घेतले जाते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी २०११ मध्ये या शब्दाची नोंद नव्याने लिहून पूर्ण केली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे निघाले. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे त्यात नऊ महिन्यांहून अधिक काळ गेले. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती आणि नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ त्यात दिले होते. सुधारणेचे काम पुढे सरकत गेले तसे २००० मध्ये ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि अखेर ‘रन’ने त्याला मागे टाकले. ही सगळी आखूड, एकाक्षरी आणि रोजच्या वापरातली क्रियापदे आहेत. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज किंग्स्ली झिफ यांनी १९४५ मध्येच दाखवून दिले होते की, जो शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. कधीतरीच लागणारा शब्द आपल्या एका अर्थाला धरून राहतो. रोज हाताशी असलेला शब्द कुठल्याही कामाला जुंपला जातो.

‘रन’चे मूळ जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इ.स. ११०० पूर्वीच्या भाषेत आहे. तिथे ते ‘रिनन’ असे आढळते आणि त्याहून जास्त वेळा ‘इर्नन’ असे. ‘नुकसान’चे बोलीत ‘नुसकान’ व्हावे तशीच ही वर्णांची अदलाबदल. याच्या जोडीला ‘अर्नन’ असे दुसरे क्रियापद होते. त्याचा अर्थ धावायला लावणे, घोडा दौडवणे. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतही याच कुळातले शब्द होते, त्यांनी या रूपांना बळ दिले. पुढे हे सगळे प्रवाह एकत्र मिसळले. भूतकालवाचक धातुसाधितातला ‘उ’ वर्तमानकाळात शिरला आणि सोळाव्या शतकापर्यंत आजचे रूप स्थिरावू लागले. दोन क्रियापदे एकाच रूपात विरघळली ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘धावणे’ आणि ‘धावायला लावणे’ हे दोन्ही अर्थ ‘रन’मध्ये का नांदतात, याचा उगम इथे आहे.

पायांनी जोरात पळणे हा अर्थ सर्वांना ठाऊक असतो, पण वाहणे हा अर्थही तितकाच पुरातन आहे. जर्मन भाषेत ‘रिनन’ हा सख्खा भाऊ आजही फक्त वाहणे, झिरपणे याच अर्थाने जगतो, पळण्यासाठी तिथे ‘रेनन’ हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत मात्र नदी ‘रन’ होते, सर्दीने नाक ‘रन’ होते, गालांवरून अश्रू ‘रन’ होतात, नळ उघडा राहिला तर तोही ‘रन’ होत राहतो. मराठीत नदी आणि नाक दोन्ही वाहतात, त्यामुळे इथपर्यंत फारसे अडत नाही. पण धुण्यात साडीचा रंग गेला तर तेही इंग्रजीत ‘रन’च. न्हाणीघरातला टब भरायला पाणी सोडणे म्हणजे ‘रन अ बाथ’. अंगात ताप असणे म्हणजे ‘रन अ फीव्हर’. चीज करताना दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे ‘रेनेट’ वापरतात, त्या शब्दाचे नातेही बहुधा याच क्रियापदाशी आहे. दूध साकळणे या अर्थानेही ‘रन’ इंग्लंडच्या बोलींत वापरले जाई.

पाणी वाहते तेव्हा ते एका जागेपासून दुसरीपर्यंत जाते. या ‘पासून–पर्यंत’ला धरून पुढचा अर्थ निघाला. रस्ता, कुंपण, डोंगराची रांग, कापडावरची नक्षी, पाठीवरचा जखमेचा वण यांपैकी काहीही जागचे हलत नाही, तरी इंग्रजीत ते सगळे ‘रन’ होतात. नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि भाषा ती गती वस्तूला चिकटवते. भाषाशास्त्रात याला काल्पनिक गती म्हणतात. मराठीतही रस्ता ‘जातो’. “हा रस्ता कुठे जातो?” या प्रश्नाला “कुठेच नाही, जन्मापासून इथेच आहे” असे उत्तर देणारा वात्रट प्रत्येक गावात असतो, तो नेमके याच गतीवर बोट ठेवत असतो. अमेरिकेत पायमोज्याचा एक धागा सुटून उभी रेघ उसवली की तिलाही ‘रन’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तीच रेघ ‘लॅडर’, म्हणजे शिडी होते.

जागेवरून हा अर्थ काळावर गेला. कराराची दोन वर्षे उरली असतील तर तो अजून दोन वर्षे ‘रन’ होणार असतो. नाटकाचे प्रयोग जितके दिवस सलग चालू राहतात तो त्याचा ‘रन’. अॅगथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ पासून सुरू आहे आणि कोरोनाच्या साथीत पडलेला खंड सोडला तर त्याचा ‘रन’ आजवर चालूच आहे. ‘लाँग रन’ म्हणजे लांबचा पल्ला हा वाक्प्रचार मराठी बोलण्यातही जसाच्या तसा ऐकू येतो. एखादा आजार किंवा गुण घराण्यात ‘रन’ होतो, तेव्हा मराठीत तो पिढ्यान्‌पिढ्या ‘चालत आलेला’ असतो.

इथे दोन भाषांमधला खरा फरक दिसू लागतो. यंत्र इंग्रजीत ‘रन’ होते, मराठीत ते चालते. घड्याळ, पंखा, मोटार, दुकान, संस्था, सरकार, खटला, नाटक, खोटे नाणेसुद्धा, मराठीत सगळे चालते. हा काही मराठीपुरता विक्षिप्तपणा नाही. फ्रेंच माणसाचे यंत्रही ‘मार्श’ करते, म्हणजे चालतेच. जर्मन माणसाचे मात्र ‘लाउफन’, म्हणजे धावते. कोणत्या भाषेने चालण्याचा शब्द उचलला आणि कोणत्या भाषेने धावण्याचा, यात तर्काचा भाग थोडा आणि सवयीचा जास्त. पण एकदा निवड झाली की तिचे परिणाम दूरवर जातात. मराठीत ‘धावणे’ने आपली घाई सोडली नाही. धावती भेट थोडक्यात आटोपते, धावता आढावा खोलात शिरत नाही, धावपळीत माणूस दमतो, आणि घड्याळ पळू लागले तर ते बिघडलेले असते. इंग्रजीत ‘रन’मधली घाई केव्हाच गळून पडली. वर्षानुवर्षे फायली दाबून बसलेले कार्यालयही इंग्रजीत ‘रन’च होत असते.

मराठीतल्या या चालण्याला एक मोठा अपवाद आहे, तो रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी ‘धावली’, असेच शाळेच्या पुस्तकापासून स्मरणिकेपर्यंत सगळीकडे लिहिलेले असते. फलाटावरच्या उद्घोषणेत गाडी वीस मिनिटे ‘उशिराने धावत’ असते. नीट कान दिला तर हे वाक्य चमत्कारिक आहे, कारण जे धावते आहे ते उशिरा का येते आहे? ते इंग्रजी ‘रनिंग लेट’चे अक्षरशः केलेले भाषांतर आहे आणि रोज ऐकून ऐकून ते आता कुणाला खटकत नाही. रेल्वेच्या कारभारात चालक आणि गार्ड मिळून ‘रनिंग स्टाफ’ होतो, आणि आपल्या मुक्कामापासून दूर आल्यावर ते जिथे विश्रांती घेतात ती खोली ‘रनिंग रूम’. तिथे माणसे झोपतात, हे वेगळे सांगायला नको.

यंत्र ‘रन’ होते त्याच रूपात माणूसही यंत्राला ‘रन’ करतो. मराठीत या दोन क्रियांना दोन रूपे आहेत: दुकान चालते, मालक ते चालवतो. चोर पळतो, तो पाकीट पळवतो. मधला ‘व’ हा प्रयोजकाचा खूण-प्रत्यय कर्ता कोण आणि कुणावर काय घडते आहे हे लगेच सांगतो. इंग्रजीने अशी रूपे बहुतेक टाकून दिली. ‘अर्नन’ हे जुने प्रयोजक रूप ‘रन’मध्ये बुडाले, ते त्याचेच उदाहरण. म्हणून दुकानही ‘रन’ होते आणि मालकही दुकान ‘रन’ करतो. क्रियापदापुढे कर्म आहे की नाही, एवढ्यावरच अर्थ ठरतो. या एका सोयीने ‘रन’चे अर्थ झपाट्याने वाढले. हॉटेल, शाळा, प्रयोग, तपासणी, स्पर्धा, संगणकावरचा प्रोग्रॅम काहीही ‘रन’ करता येते. वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते म्हणजे छापते. चाकरीतला पोरगा निरोप घेऊन ‘एरंड रन’ करतो. धोका पत्करणारा धोका ‘रन’ करतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तेव्हा समुद्रमार्गे चोरून दारू आणणारे ‘रम-रनर’ म्हणून ओळखले जात, आणि हत्यारांची चोरटी ने-आण आजही ‘गन-रनिंग’च आहे.

‘डायरेक्ट’, ‘अॅडमिनिस्टर’, ‘गव्हर्न’, ‘ऑपरेट’ असे फ्रेंच-लॅटिन घरातून आलेले शब्द इंग्रजीत याच कामासाठी पडून आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन सत्ता आल्यानंतर दरबार, न्यायालये आणि चर्च यांच्यामार्फत अशा शब्दांची वाट मोकळी झाली. तरीही बोलताना माणूस ‘रन’ म्हणतो आणि अहवालात ‘अॅडमिनिस्टर’ लिहितो. परदेशी विद्यार्थी नेमका उलटा अडकतो. त्याला ‘अॅडमिनिस्टर’ लवकर येतो, कारण त्याचे अर्थ मोजकेच आहेत. ‘रन’ शेवटपर्यंत दगा देत राहतो.

राजकारणात ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातला भेद तर उघड आहे. ब्रिटिश उमेदवार निवडणुकीला ‘स्टँड’ करतो, अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो. मराठीत उमेदवार उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही, पण धावत कधीच नाही. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. आपल्याच तबेल्यातल्या मुख्य घोड्याला वेग मिळावा म्हणून सोबत पळवलेल्या घोड्यासाठी तो होता. ‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता हाही शर्यतीच्याच मैदानावरचा शब्द, फक्त तो घोड्यांच्या नव्हे, तर शिकारी कुत्र्यांच्या शर्यतीतून आला.

काही वाक्प्रचारांत तर मूळ चित्र पूर्ण पुसले गेले आहे. चहूबाजूंनी टीका झेलत जाणे म्हणजे ‘रन द गाँटलेट’. गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा, पण या वाक्प्रचाराशी त्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द स्वीडिश ‘गातलोप’, म्हणजे गल्लीतली धाव. अपराधी शिपायाला समोरासमोर उभ्या केलेल्या सैनिकांच्या दोन रांगांमधून पळवत आणि प्रत्येक जण त्याला फटका मारी. सतराव्या शतकातल्या युरोपीय युद्धांत ही शिक्षा इंग्रजांच्या कानी आली आणि अनोळखी शब्दाची ओळखीच्या शब्दाशी गल्लत झाली. ‘रन-ऑफ-द-मिल’, म्हणजे अगदी सामान्य, याचा उगम गिरणीत आहे. निवड-पारख न करता जसा माल बाहेर पडेल तसा तो ‘मिलचा रन’.

खरी परीक्षा सुरू होते ती ‘रन’च्या मागे छोटे अव्यय लागले की. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल केले आहे की, क्रियापदाला असे शेपूट जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. काही नेहमीच्या क्रियापदांचे अर्थ सैल आणि पसरट असतात, अशी तक्रारही त्यांनी तिथे केली आहे आणि त्या यादीत ‘रन’ आहे. ‘रन इन्टू’ म्हणजे आदळणे, आणि ओळखीचे कुणी अचानक भेटणेही. ‘रन आउट’ म्हणजे घरातली साखर संपणे. ‘रन थ्रू’मध्ये नाटकाची तालीम होते, वडिलोपार्जित पैसा उधळला जातो आणि तलवार आरपार जाते. ‘रन अप’ने उधारी वाढते, झेंडा वर चढतो आणि घाईघाईत झबलेही शिवून होते. ‘रन ऑफ’ म्हणजे पळून जाणे, आणि छापखान्यात झटपट प्रती काढणेही. ‘रन डाउन’ एकट्यानेच पाच-सहा कामे करतो: बॅटरी उतरते, प्रकृती खालावते, वाटसरूला मोटारीची धडक बसते, शेजाऱ्याची निंदा होते, हरवलेली वस्तू शोधून काढली जाते. यांपैकी बहुतेकांच्या तळाशी खाली जाण्याची कल्पना सापडते, पण ती आधीच अर्थ ठाऊक असलेल्यालाच सापडते. न जाणणाऱ्याला तिच्यावरून अर्थ ओळखता येत नाही.

मराठी माणसाची ‘रन’शी सर्वांत जुनी आणि जिव्हाळ्याची ओळख क्रिकेटच्या मैदानावरची. एका षटकात हे क्रियापद किती वेषांत फिरते ते पाहण्यासारखे आहे. गोलंदाज ‘रन-अप’ घेतो. फलंदाज दोन ‘रन’ काढतो, इथे खरोखर पाय धावतात. पुढचा चेंडू सीमेपार जातो आणि चार ‘रन’ मिळतात. कुणी पाऊलही उचललेले नसते, तरी शब्द तोच. तिसऱ्या चेंडूवर घाई नडते आणि तो ‘रन आउट’ होतो. फलकावर ‘रन रेट’ बदलतो, आणि समालोचक ‘रन चेस’ची गणिते मांडू लागतो. पूर्वी जखमी फलंदाजाच्या वतीने पळायला ‘रनर’ उतरत असे. आंतरराष्ट्रीय सामन्यांतून १ ऑक्टोबर २०११ पासून ती सवलत काढून घेण्यात आली. ऑक्सफर्डमध्ये ‘रन’ची नोंद पूर्ण झाली तेही हेच वर्ष, हा निव्वळ योगायोग. मराठीने या खेळापुरते ‘रन’ला ‘धाव’ असे नाव दिले आणि त्यावरून धावसंख्या, धावफलक, धावगती, धावबाद असे चपखल शब्द घडवले. मराठी समालोचनात ते सहज रुळले. गल्लीतल्या पोरांनी मात्र ‘रन’च काढणे पसंत केले.

याखेरीज ‘रन’ची लेकरे मराठीत जागोजागी भेटतात. विमानतळाच्या ‘रनवे’ला ‘धावपट्टी’ हा शब्द छान बसला. शिवणकामातला ‘धावदोरा’ आणि इंग्रजीतला ‘रनिंग स्टिच’ हे दोन्ही एकाच हालचालीकडे पाहून आलेले दिसतात. सुई कापडातून झरझर पुढे जाते. ‘रनिंग कॉमेंट्री’चे धावते वर्णन झाले. सुतार आणि रंगारी ‘रनिंग फुटा’वर दर ठरवतात, म्हणजे क्षेत्रफळ न धरता नुसत्या लांबीवर. मुंबईत ‘रनिंग’मध्ये गाडी पकडू नये हे प्रत्येकाला माहीत असते.

आता ६४५ या आकड्याकडे परत पाहायला हवे, कारण तो जितका थक्क करणारा तितकाच फसवा आहे. अर्थ हे काही मोजून ठेवलेले नसतात, ते कोशकार पाडतो. नदीचे वाहणे आणि नाकाचे वाहणे हा एक अर्थ की दोन? बस नियमित सुटणे आणि बस रस्त्यावरून जाणे यांत रेघ ओढायची का? काही कोशकारांचा कल एकत्र बांधण्याकडे असतो, काहींचा वेगळे करण्याकडे. प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या ‘वर्डनेट’ या शब्दसंग्रहात याच क्रियापदाचे ४१ अर्थ दिले आहेत. म्हणजे एका ठिकाणी सहाशेहून अधिक आणि दुसऱ्या ठिकाणी चाळीस, आणि दोन्ही कामे चोख. ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हापासून त्याची पद्धत ठरलेली: शब्द कधी, कोणत्या वाक्यात, कोणत्या अर्थाने आला याचे दाखले गोळा करायचे आणि अर्थ कालक्रमाने लावायचे.  ऑक्सफर्डचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कोशात मेलेले अर्थही राहतात, खलाशांचे, खाणकामगारांचे, विणकरांचे खास अर्थही राहतात. कोणताही इंग्रज माणूस ६४५ अर्थ डोक्यात घेऊन फिरत नाही.

त्याला तशी गरजही पडत नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचे सांगणे असे की, शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. ‘रन’च्या आधी नदी असेल, तर वाहणे, पुढे कंपनी असेल, तर चालवणे, पुढे ‘ड्राय’ किंवा ‘शॉर्ट’ असे विशेषण असेल, तर आटणे किंवा कमी पडणे, आसपास बँक आणि ठेवीदार असतील, तर पैसे काढायला उडालेली झुंबड. ‘कंपनी त्याने चालवली, पैसा संपेपर्यंत’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यात ‘रॅन’ दोनदा येतो, आणि वाचणारा दोन्हींच्या मध्ये अडखळतसुद्धा नाही. मराठीच्या बाबतीत हे सगळे घरबसल्या पडताळता येते. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागते, पंढरीच्या वाटेवर गाव लागते. यांतल्या ‘लागणे’चे किती अर्थ, असे मराठी माणसाला विचारले तर तो गोंधळेल, वापरताना मात्र कधीच चुकणार नाही.

म्हणून ‘रन’ शिकणाऱ्याने अर्थांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नये. गती, प्रवाह, विस्तार, चलन आणि चालवणे या साखळीतल्या पाच कड्या ओळखीच्या झाल्या की निम्म्याहून अधिक वापर त्यांत बसतात. उरलेले, विशेषतः अव्यये लागलेले, अख्खे वाक्य समोर ठेवूनच शिकावे लागतात, त्याला जवळची वाट नाही. आणि कोशात ‘रन’ शोधायचाच तर आधी वाक्यातले कर्म आणि मागचे अव्यय पाहून मगच पान उलटावे.